मस्कटीनचा न्हावी

अमेरिकेतील आयोवा राज्यात मिसिसिपीच्या काठी मस्कटीन नावाचे छोटे शहर आहे. इतिहासात त्याचे नाव आलेच तर ते बटणांमुळे येते. जॉन बेपल या जर्मन कारागिराने १८९१ मध्ये तेथे नदीतल्या शिंपल्यांपासून बटणे घडवण्यास आरंभ केला. १९०५ च्या सुमारास हे गाव वर्षाला दीड अब्ज बटणे करीत होते. कथा रंजक आहे, यात शंका नाही. परंतु या गावाची खरी मोठी गोष्ट त्याआधी एका न्हाव्याच्या दुकानात घडली, असे माझे मत आहे.

अलेक्झांडर क्लार्क १८४२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी येथे आला. कृष्णवर्णीय असला तरी तो गुलाम नव्हता. त्याने केशकर्तनाचे दुकान थाटले, मग लाकडाच्या व्यापारात शिरला. त्या काळी आगबोटींना जळण लाकडाचेच लागे आणि ते पुरवण्यात चांगली मिळकत होती. त्या पैशांतून त्याने जमीनजुमला घेतला.

१८६७ मध्ये त्याच्या बारा वर्षांच्या सुसन या मुलीला गोऱ्या मुलांच्या शाळेने प्रवेश नाकारला. क्लार्कने शाळा मंडळावर दावा लावला. लोकमत विरोधात असल्याची सबब मंडळाने पुढे केली. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८६८ मध्ये ती फेटाळली. आज कृष्णवर्णीयांची शाळा वेगळी काढता येत असेल, तर उद्या जर्मनांची वा आयरिशांचीही काढता येईल, असा न्यायमूर्ती चेस्टर कोल यांचा युक्तिवाद होता. एका न्यायमूर्तींनी मात्र विरोधी मत नोंदवले.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'ब्राऊन' खटल्यात हीच दिशा धरली ती १९५४ मध्ये, म्हणजे तब्बल ८६ वर्षांनी. म्हणूनच क्लार्कचा उल्लेख बहुधा 'ब्राऊनची पूर्वपीठिका' असा एका ओळीत उरकला जातो. हे मला पटत नाही. ज्याला मताचाही अधिकार नव्हता, त्या माणसाला न्यायालयाचे दार ठोठावण्याचे बळ कोठून आले, हा प्रश्न त्या ओळीत हरवतो. धैर्य होतेच, पण धैर्यवान माणसे इतरही गावांत होती. क्लार्कचा चरितार्थ कोणा गोऱ्या मालकाच्या मर्जीवर नव्हता. दुकान त्याचे होते, जमीन त्याची होती. निकालाच्या कागदपत्रांत हे दिसत नाही. ते गावाच्या व्यापारउदिमात शोधावे लागते. स्थानिक इतिहासाला 'किरकोळ' म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

त्याच वर्षी आयोवाने आपल्या घटनेतून मताधिकाराची 'गोरा' ही अट काढली. त्या चळवळीतही क्लार्क अग्रभागी होता. सुसन १८७१ मध्ये मस्कटीनच्या हायस्कूलमधून उत्तीर्ण झाली. पुढे साठीच्या उंबरठ्यावर, १८८४ मध्ये, क्लार्कने स्वतः कायद्याची पदवी मिळवली. १८९० मध्ये तो अमेरिकेचा राजदूत म्हणून लायबेरियाला गेला आणि पुढच्याच वर्षी तेथे निवर्तला. बेपलचे पहिले बटण त्याच वर्षीचे.