सरावाची संध्याकाळ कुणाची?

‘मुलींना कुणी अडवलंय का? ट्रॅक सगळ्यांना खुला आहे.’ गेल्या वर्षभरात हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं की आता समोरच्याने ‘मुलींना’ म्हटलं की पुढचं मीच पुरं करते. मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्याही ओळखीचं आहे. ग्रामसभा बायकांना खुली असते, वाचनालय खुलं असतं, शाळेमागचं मैदानही खुलं असतं. मी हे वाक्य ऐकते ते मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात, मातीच्या एका ट्रॅकवर. माझी बारा वर्षांची लेक तिथे बीएमएक्स सायकलच्या शर्यतीत उतरते. परदेशातल्या मुलींच्या सायकली हा आपल्या अंकाचा विषय कसा, असं काहीजणींच्या मनात येईल. तो आपला विषय आहे असं माझं म्हणणं आहे, आणि ते मांडण्यासाठीच लिहिते आहे.

आधी खेळाविषयी थोडं. १९७०च्या सुमाराला कॅलिफोर्नियातली मुलं मोटारसायकलच्या शर्यतींची नक्कल आपल्या लहान सायकलींवर करू लागली, त्यातून हा खेळ निघाला. वीस इंची चाकांची, गिअर नसलेली ठेंगणी सायकल. साधारण तीनचारशे मीटरचा ट्रॅक, त्यावर मातीचे उंचवटे आणि कडेला चढत गेलेली वळणं. सुरुवातीला एक टेकडी असते, तिच्यावर लोखंडी गेट. त्या गेटला पुढचं चाक टेकवून आठजण उभे राहतात. ध्वनिमुद्रित आवाज सूचना देतो, मग थोडा थांबतो. हा थांबा किती सेकंदांचा ते मुद्दामच दर वेळी वेगळं ठेवलेलं असतं. मग दिवे लागतात, गेट आडवं पडतं आणि आठही सायकली उतारावरून सुटतात. सगळा मामला चाळीस सेकंदांच्या आतबाहेर संपतो. एवढ्या थोड्या वेळात मागून पुढे जायला वाव फार कमी असतो. पहिल्या वळणावर जी पुढे, ती बहुधा शेवटपर्यंत पुढे. म्हणजे शर्यत ठरते ती गेटवर, आणि गेटवरून सुटणं हे सरावाशिवाय येत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आमच्या क्लबात शुक्रवारी संध्याकाळी शर्यती असतात, मंगळवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी सराव. हंगामाच्या सुरुवातीला प्रशिक्षकांनी पालकांना गोळा करून चांगला सल्ला दिला. दर शुक्रवारी शर्यतीत उतरलंच पाहिजे असं नाही, पण सराव बुडवू नका. मुलं शर्यतीतून शिकत नाहीत, सरावातून शिकतात. शर्यतीत फक्त शिकलेलं दिसतं. दोहोंचा समतोल साधा.

सल्ल्यात काही खोट नाही. मी एवढंच विचारते, की हा समतोल साधायचा कुणी?

शुक्रवारी ट्रॅकवर जत्रा असते. झाडून सगळे बाप येतात. घडीच्या खुर्च्या येतात, कॅमेरे येतात, ‘पॅडल मार, पॅडल मार’ असा ओरडा होतो. माझा नवराही येतो, हौसेने येतो. मंगळवारी मात्र गाडीतून सायकल उतरवणारे हात बहुतेक आयांचे असतात. मंगळवारी मी कामावरून अर्धा तास लवकर निघते आणि तो अर्धा तास बुधवारी भरून देते. येता येता लेकीला उचलायचं, घरी कुकर लावून ठेवायचा, टायरमध्ये हवा आहे का बघायचं, हेल्मेट आणि हातमोजे शोधायचे, धाकट्याला बरोबर घ्यायचं, कारण त्याला घरी एकटं ठेवता येत नाही. जून-जुलैत तर सव्वापाचलाच अंधार पडतो, घाई आणखी वाढते. हे सगळं धरून ठेवणाऱ्या बाईचं कुणाच्या घरी कधी काम लांबलं, कधी सासूबाई आजारी पडल्या, तर पहिला काय बुडतो? सराव. शर्यत बुडत नाही, कारण शुक्रवार सगळ्या घराचा असतो. मंगळवार एकटीचा.

आता ज्या मुली मंगळवारी पोचतात त्यांचं काय होतं ते ऐका. गेल्या हिवाळ्यात एका मंगळवारी मी वही घेऊन टेकडीखाली बसले. संघटनेत असताना रेशनच्या रांगेत बसून नोंदी करायची सवय होती, ती कामी आली. एका तासात गेट कितीदा पडलं आणि त्यात कोण कोण होतं, एवढंच लिहीत गेले. माझ्या लेकीच्या वयाचा एक मुलगा अकरा वेळा सुटला. माझी लेक चार वेळा. तिच्याबरोबरच्या दोघीजणी तीन-तीन वेळा. कुणी त्यांना ढकललं नाही, कुणी वाईट बोललं नाही. मोठी मुलं टेकडी चढून येत आणि सरळ गेटवर जाऊन उभी राहत. मुली मागे थांबत आणि जागा होण्याची वाट बघत. जागा होईपर्यंत खालून दुसरी टोळी आलेली असे.

शुक्रवारी असं होत नाही. शुक्रवारी यादी असते. कुणी कितव्या फेरीत, गेटच्या कुठल्या जागेवरून सुटायचं हे कागदावर लिहून फळ्यावर लावलेलं असतं. माझ्या लेकीची जागा तिचीच असते, कितीही धिप्पाड मुलगा आला तरी ती त्याला घेता येत नाही. म्हणजे शर्यतीला नियम आहे, सरावाला नाही. आणि जिथे नियम नसतो तिथे ‘सगळ्यांना खुलं’ याचा अर्थ ज्याचा जोर त्याचं, असा होतो.

त्याची किंमत लेकीने दिली. धाकट्याचं क्रिकेट मंगळवारवर आलं आणि तीन आठवडे तिचा सराव बुडाला. हा निर्णय कुणा दुष्ट पुरुषाने घेतला नाही, मैत्रिणींनो. मी घेतला. ‘तू काय, शुक्रवारी जातेसच की,’ असं मी तिला म्हटलं. चौथ्या शुक्रवारी ती गेटवरून उशिरा सुटली, पहिल्या वळणाआधी घोळक्यात सापडली, दुसऱ्या उंचवट्यावर पडली आणि मनगट मोडून घेतलं. मी तिला धरून बाहेर आणत असताना शेजारचे एक गृहस्थ सहानुभूतीने म्हणाले, ‘मुलींना हा खेळ जरा जडच जातो.’ तिला खेळ जड गेला नव्हता. तिला सराव मिळाला नव्हता. आधी सराव काढून घ्यायचा आणि मग पडली की मुलीच्या जातीवर बोट ठेवायचं, ही रीत मला ठाऊक होती.

ठाऊक होती कारण ती माझ्यावरून गेली होती. शाळेत मी खो-खोच्या संघात होते. सामने दुपारचे असत, म्हणून घरून परवानगी होती. सराव संध्याकाळी सहाला असे, त्याला परवानगी नव्हती. दिवेलागणीला पोरीची जात बाहेर नको. तालुक्याच्या सामन्यात पहिल्याच डावात मी अर्ध्या मिनिटात बाद झाले. आमच्या बाई काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वर्षी संघात माझं नाव नव्हतं. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही. सरावाला न येणारी मुलगी संघात कशी घ्यायची? ‘सामन्याला जा, सरावाला नको,’ असं म्हणणाऱ्या माझ्या घराला आपण मुलीला खेळू देतो असंच वाटत होतं. आज तेच वाक्य मी माझ्या लेकीला बोलले होते, आणि तेही मेलबर्नमध्ये.

हे फक्त घरापुरतं नाही. बीएमएक्स शर्यत २००८ साली बीजिंगला ऑलिंपिकमध्ये आली, पुरुष आणि स्त्रिया दोघांसाठी एकदमच. पण जागा किती? पुरुषांना ३२, स्त्रियांना १६. २०१२ला तेच, २०१६लाही तेच. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्या २४-२४ झाल्या. रिओनंतर, २०१७ साली, ब्रिटनमध्ये यूके स्पोर्ट या संस्थेने बीएमएक्स शर्यतीसाठी पैसा द्यायचं ठरवलं ते फक्त पुरुषांना. बेथ श्रीव्हर या तरुण खेळाडूने शाळेत मदतनीस म्हणून अर्धवेळ काम केलं आणि लोकांकडून वर्गणी गोळा करून सराव चालू ठेवला. टोकियोत तिने सुवर्णपदक मिळवलं. मग टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. ही गोष्ट ‘जिद्द असेल तर काहीही होतं’ म्हणून सांगितली जाते. मी ती उलट बाजूने वाचते. जिला वर्गणी गोळा करता आली नाही, जिचं काम सुटलं नाही, जी मुकाट्याने घरी बसली, अशा किती असतील?

२०२४ साली पॅरिसला ऑस्ट्रेलियाच्या साया साकाकिबाराने याच खेळात सुवर्णपदक जिंकलं. आमच्या क्लबाच्या कँटीनच्या भिंतीवर तिचं छायाचित्र लागलं. खाली चहा-सॉसेजच्या खिडकीत उभ्या होतो आम्ही आयाच. त्या आठवड्यात सगळे म्हणत होते, आता मुलींचे दिवस आले. पुढच्या मंगळवारी मी पुन्हा वही घेऊन बसले. गेटवर फरक पडला नव्हता.

वार्षिक सभेत आम्ही चौघीजणींनी दोन मागण्या ठेवल्या. एक, सरावालाही यादी लावा, आणि पहिल्या तासात गेट पडेल त्यातलं दर दुसरं मुलींसाठी राखा. दोन, कँटीनची पाळी बापांनाही लावा, म्हणजे आयांना आपल्या मुलीचा सराव बघता येईल. मागण्या तेवढ्याच, पण सभा दोन तास चालली.

वेगळं गेट म्हणजे मुलांवर अन्याय, असं काहीजण म्हणाले. अकराला चार हे प्रमाण चालू होतं तेव्हा अन्याय शब्द कुणाला आठवला नव्हता. एक आईही विरोधात बोलली, आणि तिचं मी गंभीरपणे घेते. ती म्हणाली, माझी मुलगी मुलांबरोबर चालवूनच तयार होईल, तिला वेगळं काढू नका. मलाही भिंत नको आहे. उरलेला वेळ सगळे एकत्र चालवोत. पण बरोबरीने चालवायला आधी गेटपर्यंत पोचावं लागतं, आणि माझ्या वहीत आमच्या मुली गेटच्या मागे उभ्या आहेत.

शेवटी कमिटीने एका सत्रापुरती यादी मान्य केली, एका अटीवर: सरावाला किमान आठ मुली आल्या पाहिजेत, नाहीतर बंद. कँटीनचा मुद्दा ‘पुढे बघू’मध्ये गेला. मी विचारलं, मुलांची अशी मोजणी तुम्ही कधी केलीत? थंडीच्या मंगळवारी तीनच मुलगे आले म्हणून ट्रॅक कधी बंद ठेवलात? उत्तर मिळालं नाही. आधी संख्या दाखवा मग जागा देऊ, हे बायकांना सगळीकडे सांगितलं जातं. जागा नसताना संख्या येणार कुठून?

आता आपल्याकडे वळते. ८ मार्चला, ३ जानेवारीला आपल्या संघटना मुलींच्या धावण्याच्या, सायकलच्या शर्यती घेतात. मीही घेतल्या आहेत. बक्षिसं वाटली आहेत, फोटो काढले आहेत. पण ९ मार्चला संध्याकाळी त्या मैदानावर कोण असतं? आपण शर्यत भरवतो आणि सराव विसरतो. जी मुलगी वर्षातून एकदाच धावते ती धापा टाकणारच, आणि बघणारे म्हणणारच की बघा, पोरींना जमत नाही. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईत १९९०नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो बायका सायकल शिकल्या. तिथे मोर्चे निघाले ते शिकण्याच्या बरोबरीने. शिकणं हाच कार्यक्रम होता. संध्याकाळी उघड्यावर पडत-झडत शिकणाऱ्या बाया गावाने रोज बघितल्या, म्हणून त्या सायकलवर दिसणं नेहमीचं झालं.

बीएमएक्स महागडा खेळ आहे, त्याची आपल्या वस्तीतल्या मुलींशी तुलना कशी, असं कुणी म्हणेल. सायकलीची किंमत वेगळी आहे हे खरं. पण संध्याकाळचा वेळ, मोकळी जागा आणि तिथवर नेऊन सोडणारं माणूस, या तीन गोष्टी इथेही मुलींना कमी पडतात आणि तिथेही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पुढच्या ८ मार्चला शर्यत घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण त्याआधी तीन महिने आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदान मुलींच्या नावाने मागा, ग्रामपंचायतीकडे, नगरपालिकेकडे, शाळेकडे, लेखी मागा. वही घेऊन बसा आणि मोजा. आणि मुलींना नेण्या-आणण्याची पाळी फक्त आयांवर टाकू नका, बापांची नावं यादीत घाला.

माझ्या लेकीचं मनगट जुळलं आहे. परवाच्या मंगळवारी धाकट्याला क्रिकेटला त्याच्या बापाने नेलं. ट्रॅकवर सहा मुली होत्या. आठला दोन कमी आहेत. आज रात्री मी शेजारच्या दोन घरी जाऊन येणार आहे.