तोंडाला कुलूप नको, जेवणाला वेळ हवी

वजन कमी करण्याचे संकल्प आपल्याकडे सोमवारी सुरू होतात आणि बहुधा गुरुवारपर्यंत टिकतात. शिरूरचा माझा दवाखाना असो की आठवड्यातून दोन दिवस मी जातो ते दौंड असो, तक्रार एकच. "डॉक्टर, चालायला जातो, तेलकट सोडलं, पण संध्याकाळी तोंडावर ताबाच राहत नाही." हे सांगताना माणूस मान खाली घालतो, जणू चोरी पकडली गेली आहे. शेजारी बसलेले घरचे लगेच पुस्ती जोडतात, "यांनी मनावर घेतलं तर ना!"

इतकी वर्षे हे संवाद ऐकल्यावर माझे मत असे झाले आहे की, या माणसाला बोल लावण्यात काही अर्थ नाही. खा-खा सुटते ती बहुतेक वेळा मन दुबळे असते म्हणून नव्हे, तर दिवसाची घडी विस्कटलेली असते म्हणून. जेवण लांबते, झोप कमी पडते आणि फरसाणचा डबा हाताशी असतो. ही तीन कारणे तशीच ठेवून नुसता निर्धार करणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरण्यासारखे आहे.

प्रश्न दिसण्याचा नाही

प्रथम हे सांगितले पाहिजे की वजनाचा प्रश्न फक्त लठ्ठ दिसणाऱ्यांचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. बॉडी मास इंडेक्स दोघांचाही २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! काटकुळ्या दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात चरबी लपलेली असते, ती अशी. याच केईएमचे ग्रामीण केंद्र आपल्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक येथे आहे.

म्हणून आपल्यासाठी मापेही कडक आहेत. बॉडी मास इंडेक्स २३ च्या वर गेला की सावध व्हावे. पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर यापुढे गेला तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. त्यात खेड्यापाड्यांतले लोकही मोठ्या संख्येने आहेत. "आम्ही रानात राबणारी माणसं, आम्हाला कसली शुगर?" असे म्हणण्याचे दिवस आता राहिले नाहीत.

भूक वेगळी, तलफ वेगळी

खरी भूक हळूहळू वाढते. तिला बाजरीची भाकरी चालते, सकाळची उरलेली आमटीही चालते. तलफ मात्र अचानक उठते आणि तिला ठरावीकच पदार्थ हवा असतो. भजी, शेव, पेढा, नाहीतर गोड चहा. जेवून अर्धा तास झालेला असला तरी ती उठते.

ओळखण्याची एक सोपी परीक्षा मी रुग्णांना सांगतो. मनाला विचारा, "आता भाकरी आणि मटकीची उसळ वाढली तर खाईन का?" उत्तर 'हो' आले तर ती भूक आहे, खुशाल जेवा. उत्तर 'नको, काहीतरी चटकदार हवं' असे आले तर ती तलफ. ती लाटेसारखी येते आणि ओसरतेही. पेलाभर पाणी प्यावे, अंगणात फेरी मारावी, कोणाला तरी फोन करावा. पंधरा-वीस मिनिटांत तिचा जोर कमी होतो, असा बहुतेकांचा अनुभव आहे.

उपाशी माणसाला अन्नच दिसते

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे नेहमीच्या जेमतेम निम्म्या आहारावर ठेवले. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हे शिकणे हा हेतू होता. ही मुले मनाने कणखर आहेत, हे पारखून घेतलेले होते. तरीही काही आठवड्यांतच त्यांच्या बोलण्यात आणि विचारात अन्नाशिवाय दुसरे काही उरले नाही. काहीजण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले! कणखर मनाची ही गत, तर संसाराच्या रगाड्यातील आपल्या माणसाची काय कथा?

आता आपल्याकडच्या गृहिणीचा दिवस पाहा. पहाटे उठून डबे, मग गुरे किंवा रान किंवा नोकरी, आणि दुपारी दोन वाजेपर्यंत पोटात फक्त चहा. सगळ्यांचे झाल्यावर शेवटी स्वतःचे ताट, त्यातही "वाया जायला नको" म्हणून मुलांचे उरलेले. वजन कमी करायचे ठरले की ही बाई आधी स्वतःची भाकरी तोडते. मग संध्याकाळी पाच वाजता तिचा हात शेवेच्या डब्यात जातो. यात नवल ते काय? सकाळी नऊ वाजता एक भाकरी आणि वाटीभर उसळ किंवा उकडलेले अंडे पोटात गेले असते, तर संध्याकाळची निम्मी खा-खा उठलीच नसती. डाळी, मोड आलेली कडधान्ये, अंडी, दही यांतील प्रथिने पोटाला जास्त वेळ समाधान देतात.

उपवासांचेही तसेच. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण कोणी उगाच केलेली नाही. संकष्टीला रांजणगावच्या महागणपतीचे दर्शन घ्यावे, श्रद्धेने उपवासही करावा. पण दिवसभर साबुदाणा, वेफर्स आणि चहा घेऊन रात्री चंद्रोदयानंतर भरपेट जेवण केले, तर वजनाच्या हिशेबात त्याला उपवास म्हणता येणार नाही.

दोन वेळा की दर दोन तासांनी?

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी एक वाद रंगला होता. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि ४५ मिनिटे चाला. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने, घरचे, आपल्या भागातले अन्न खायला सांगत होत्या. "डॉक्टर, तुम्ही दीक्षितवाले की दिवेकरवाले?" असा प्रश्न मलाही विचारला जाई.

माझे उत्तर तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे. जी पद्धत तुम्हाला वर्षभर, लग्नसराईत आणि दिवाळीतही पाळता येईल, ती तुमची. एखाद्याला दोन जेवणे सहज मानवतात, दुसऱ्याला त्यानेच वखवख सुटते. शेजाऱ्याचे दहा किलो उतरले म्हणून त्याचे वेळापत्रक आपल्या अंगाला बसेलच असे नाही.

मात्र एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा कधीही बदलू नयेत. औषध घेतले आणि जेवण चुकले, तर रक्तातील साखर एकदम उतरू शकते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते आणि कडकडून भूक लागते. ही तलफ नव्हे, हा धोका आहे. अशा वेळी पथ्य बाजूला ठेवून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब प्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच घ्यावी, मग जेवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता त्याला थेट दवाखान्यात न्यावे.

रात्रपाळी आणि खा-खा

रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत पाळ्या चालतात. दौंड तर रेल्वेचे जंक्शन, तिथे रात्र अशी होतच नाही. या मंडळींची कहाणी एकसारखीच असते. रात्री तीनला भजी-पाव, सकाळी घरी येऊन दोन-तीन तासांची मोडकी झोप.

शिकागो विद्यापीठात २००४ साली बारा तरुणांवर केलेल्या अभ्यासात दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तेव्हा भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढले आणि 'पोट भरले' असा निरोप देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले. ओढ वाढली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. म्हणजे रात्रपाळीच्या माणसाची जीभ जी चाळवते, तिचे मूळ अपुऱ्या झोपेत आहे. त्याने मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी करावे, मध्यरात्रीसाठी घरचा लहान डबा न्यावा आणि सकाळी खोलीत अंधार करून, फोन बंद ठेवून सलग झोपावे. घरच्यांनीही त्याच्या झोपेला रात्रीच्या झोपेइतकाच मान द्यावा.

गुळाचा चहा आणि फरसाणचा डबा

भीमेच्या काठचा दौंडचा पट्टा म्हणजे ऊस आणि गुऱ्हाळे. त्यामुळे गुळाविषयी बोलणे जरा जिवावरच येते. पण सत्य असे आहे की वजनाच्या आणि मधुमेहाच्या दृष्टीने गूळ आणि साखर यांत फारसा फरक नाही. उष्मांक जवळपास तेवढेच. 'गुळाचा चहा' अशी पाटी लावली म्हणून तो पथ्याचा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे सहा लहान चमच्यांच्या आत असावी. दोन चमच्यांचे चार चहा झाले की ही मर्यादा ओलांडली जाते, आणि पाहुणे आले की पाचवा असतोच. साखर एकदम तोडू नका. दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. जिभेला नवी सवय लागते.

तेच फरसाणचे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१९ साली वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अन्न आणि दोन आठवडे साधे, ताजे अन्न दिले. हवे तेवढे खा, असे सांगितले होते. कारखान्यातील अन्नावर माणसे दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती. चव, कुरकुरीतपणा आणि मीठ असे जमवलेले असते की हात थांबत नाही. म्हणून डब्याशी झुंज देण्यापेक्षा तो डबा घरात न आणणे सोपे. बाजाराच्या दिवशी भेळ-भजी आणायचीच असतील तर त्या दिवसापुरती आणावीत, बशीत वाढून सर्वांनी मिळून खावीत. किलोभर आणून "मुलांसाठी" ठेवू नयेत. मुलांच्या नावाने आणलेले कोण संपवते, हे सर्वांना ठाऊक आहे.

या गोष्टी अंगाशी येतात

भूक मारण्यासाठी तंबाखू किंवा मिश्रीचा आधार घेणे हा आपल्या भागातील वाईट प्रकार आहे. वजन उतरवण्याच्या नादात आमच्या मायभगिनी दिवसातून चार-चार वेळा मिश्री लावतात. तोंडाच्या कर्करोगाला दिलेले हे आमंत्रण आहे.

माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर हिमोग्लोबिन तपासा. ही पुष्कळदा रक्तातील लोह कमी झाल्याची खूण असते. भूक आणि तहान खूप वाढूनही वजन उतरत असेल तर आनंद मानू नका, साखर तपासा.

२०२५ साली टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजनावरची इंजेक्शने भारताच्या बाजारात आली. काही रुग्णांना त्यांचा खरोखर उपयोग होतो. पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत, कारण त्यांचे दुष्परिणाम आहेत आणि बंद केल्यावर वजन बऱ्याच अंशी परत येते. मला त्यातून एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आतड्यातील संप्रेरकासारखे औषध टोचल्यावर ज्या अर्थी खाण्याची ओढ शमते, त्या अर्थी ती ओढ शरीरातून येते. तिला चारित्र्याचा दोष म्हणणे अन्यायाचे आहे.

तेव्हा वजन कमी करणाऱ्याला घरातून टोमण्यांची नव्हे, सोबतीची गरज असते. सकाळचे खाणे वेळेवर, सहा-सात तास झोप, चहात थोडी कमी साखर आणि घरात फरसाणचा डबा नाही, एवढे महिनाभर सगळ्या कुटुंबाने करून पाहावे. एखाद्या दिवशी भजी खाल्ली गेली तर "आता मोडलंच आहे" म्हणून उरलेला दिवस वाया घालवू नये. पुढचे जेवण ठरल्या वेळी करावे, म्हणजे गाडी आपोआप रुळावर येते. महिन्याला एक-दोन किलो उतरले तरी पुष्कळ झाले. सावकाश उतरलेले वजन टिकवणे सोपे जाते, कारण तोवर घराला नव्या वेळा अंगवळणी पडलेल्या असतात.