मार डॉक्टरला, भुर्दंड गरिबाला

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रात्री आजीला धाप लागली म्हणून आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेले. ड्यूटीवर एकच डॉक्टर आणि ते सर्पदंश झालेल्या एका मुलाजवळ होते. अर्धा तास आमच्याकडे कोणी पाहिले नाही, की काही सांगितले नाही. शेवटी काकांचा तोल सुटला. त्यांनी शिव्या देत डॉक्टरांची कॉलर धरली. सिस्टर मध्ये पडल्या, तर त्यांनाही ढकलले. हा गोंधळ दहा मिनिटे चालला. मग डॉक्टरांनी आजीला तपासून इंजेक्शन दिले आणि "पुढे न्या" अशी चिठ्ठी लिहिली. १०८ ची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती. खाजगी जीप करावी लागली. आजी वाचली, पण भाड्यापायी आमची एक शेळी विकावी लागली.

ती चिठ्ठी आजीच्या आजारामुळे लिहिली गेली की काकांच्या धाकामुळे, हे मला आजही कळलेले नाही. आणि त्या दहा मिनिटांत सर्पदंशाच्या मुलाजवळ कोण होते? फक्त त्याची आई.

डॉक्टरला मार बसला की नुकसान डॉक्टरचे झाले, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. मार खाल्लेला किंवा मार खाण्याच्या भीतीने धास्तावलेला डॉक्टर अवघड रुग्णाची जोखीम घेत नाही. त्याला मोठ्या गावी धाडून मोकळा होतो. फोडलेल्या काचेचे आणि यंत्राचे पैसे औषधपाण्याच्याच खजिन्यातून जातात. पैसेवाल्याला खाजगी दवाखान्याचे दार उघडे असते. सरकारी दवाखाना मोडला, तर मोडते ते आपलेच छप्पर.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात काय घडले ते पाहा. अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला. तेथे मेंदूचा शल्यविशारद नव्हता, म्हणून निवासी डॉक्टरने त्याला दुसरीकडे नेण्यास सांगितले. नातेवाइकांनी त्या तरुण डॉक्टरला असे मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. पुढे राज्यभर हजारो निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया लांबल्या. त्या कोणाच्या होत्या? पहाटेच्या एस.टी.ने येऊन केसपेपरच्या रांगेत उभे राहणाऱ्या माणसांच्या. शल्यविशारद नव्हता हा दोष त्या मुलाचा होता काय? ज्यांनी नेमायचा, त्यांच्या अंगाला मात्र बोटही लागले नाही.

कोणी म्हणेल, मग गरिबाने रागावूही नये काय? अवश्य रागवावे! तासन् तास ताटकळणे, उर्मट उत्तरे, रिकामी पदे यांचा राग न येणारा माणूस दगडच म्हणावा लागेल. पण राग योग्य पत्त्यावर पोचला पाहिजे. रिकाम्या पदांचा जाब आमदारांना आणि जिल्हा परिषदेला विचारावा. मते मागायला ते आपल्याच दारी येतात. त्यांच्यापुढे हात जोडायचे आणि रात्रभर जागलेल्या सिस्टरवर हात उगारायचा, याला शौर्य कसे म्हणावे?

कायदा आहे. महाराष्ट्राने २०१० मध्येच तो केला. हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि मोडलेल्या उपकरणाच्या किमतीची दुप्पट भरपाई. पण मध्यरात्री जीव टांगणीला लागलेल्या माणसाला कलमे आठवत नाहीत. त्याला हवा असतो कोणीतरी सांगणारा : "आत काय चालले आहे, तुमचा नंबर का थांबला आहे." त्या रात्री काकांना एवढे एक वाक्य मिळाले असते, तर कॉलर सुटली असती.

येथे आपण विद्यार्थी उपयोगी पडू शकतो. आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिले शिकलेले आहोत. राष्ट्रीय सेवा योजनेत आपण झाडे लावतो, रस्ते झाडतो. प्राचार्यांनी आणि रुग्णालयाने परवानगी दिली, तर पाळीपाळीने दोघेजण अपघात विभागाबाहेर बसून केसपेपर वाचून दाखवू, लोकांची समजूत घालू. आजवर शिकलेल्या चार अक्षरांचा याहून चांगला उपयोग मला तरी दिसत नाही.

हा लेख छापून आला की मी काकांना वाचून दाखविणार आहे. त्यांना वाचता येत नाही. ते रागावतील, हेही मला ठाऊक आहे. पण त्या रात्री मी आजीचा हात धरून गप्प उभी राहिले होते. आता गप्प राहणार नाही.