जमा आणि नावे

बँकेतील दिवसाचा हिशेब जुळवताना कोणी केवळ जमेची बाजू वाचत नाही. नावेची बाजूही तितक्याच काटेकोरपणे तपासली जाते. व्यवहारात सर्वमान्य असलेला हा नियम समजुतींच्या बाबतीत मात्र सहज विसरला जातो. खरे ठरलेले एक भाकीत घरात वर्षानुवर्षे सांगितले जाते. फसलेल्या भाकितांची नोंद कोणत्याच वहीत सापडत नाही.

अशी नोंद ठेवण्याचा प्रयत्न पुण्यात २००८ साली झाला. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्या सहकार्याने २०० जन्मपत्रिका जमवल्या. त्यांपैकी १०० हुशार विद्यार्थ्यांच्या, तर १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या होत्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील ४० पत्रिका देण्यात आल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातील, एवढेच ओळखायचे होते. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. अचूक उत्तरांची सरासरी सुमारे ४६ टक्के भरली. नाणे उडवूनही निम्म्याच्या आसपास उत्तरे बरोबर आली असती. सर्वोत्तम यश ४० पैकी २४ होते; २७ जणांनी नाणी उडवली असती, तरी त्यांतील एखाद्याला तेवढे यश लाभण्यात नवल नव्हते.

या एका चाचणीने ज्योतिषाचे सारे दावे निकालात निघत नाहीत. तिचे खरे महत्त्व पद्धतीत आहे : निकष आधी ठरला आणि चुकलेली उत्तरेही मोजली गेली. सार्वजनिक जीवनात नेमकी हीच पद्धत दुर्मीळ आहे. वृत्तपत्रे राशिभविष्य नित्यनेमाने छापतात. मागील आठवड्याचे किती खरे ठरले, हे छापत नाहीत. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले. अनेक वैज्ञानिकांनी विरोध केला, तरी हे दावे आधी तपासून घ्यावेत, असे धोरणकर्त्यांना वाटले नाही.

पत्रिकेतील मंगळामुळे एखाद्या मुलीचे जुळत आलेले लग्न मोडते, तेव्हा न तपासलेल्या समजुतीची किंमत तिला आणि तिच्या कुटुंबाला मोजावी लागते.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाची जोपासना हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले. त्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. पासबुकातील प्रत्येक नोंद पडताळणाऱ्या ग्राहकाने तीच सवय ऐकीव दाव्यांनाही लावावी, एवढेच पुरेसे आहे.