परवान्यावरचे पंख

यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. ते संरक्षणमंत्री असतानाच, १९६४ मध्ये, नाशिकजवळ ओझर येथे सोव्हिएत परवान्यावर मिग-२१ बांधणारा कारखाना निघाला. पुढे तेथेच दोनशेहून अधिक सुखोई-३० विमानांची जुळणी झाली. या मैत्रीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु परवाना म्हणजे विद्या नव्हे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळताच सुट्या भागांसाठी आपल्या हवाई दलाची ओढाताण झाली. आज खुद्द रशिया तोच धडा गिरवीत आहे. २०२२ च्या निर्बंधांनंतर त्याच्या एमसी-२१ या प्रवासी विमानाला अमेरिकी इंजिन मिळेनासे झाले. स्वदेशी पीडी-१४ इंजिन हाताशी होते म्हणून प्रकल्प तगला. तरीही तो वर्षानुवर्षे रखडला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सने एसजे-१०० हे रशियन प्रवासी विमान भारतात बांधण्यासाठी सामंजस्य करार केला. त्याच महिन्यात ओझरला बांधलेले पहिले तेजस उडाले. त्याचे इंजिन मात्र अमेरिकी! सावकार बदलला, कर्ज कायम राहिले.

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, किर्लोस्करवाडीचा कारखाना पाहता या मातीत कुशल हातांची वाण नाही. नव्या करारातून या हातांना आराखड्याची आणि इंजिनाची विद्या मिळणार, की केवळ जुळणीची मजुरी? करार पक्का होण्यापूर्वी संसदेने याचे उत्तर मागितले पाहिजे.