झिजलेल्या नळीचे काय करावे?

रायफलची नळी झिजली की ती काढून नवी बसवतात. मग जुन्या नळीचे काय होते? बहुधा तिचे तुकडे होऊन ती भट्टीत जाते. एखादा हौशी माणूस तिचा दिव्याचा खांब करतो, दुसरा पोलाद उत्तम म्हणून तिच्यातून सुरीचे पाते घडवू पाहतो. माझे मत असे, की यातल्या थोड्या नळ्या उभ्या चिरून शाळांच्या प्रयोगशाळांना द्याव्यात. हे वाचून काही शिक्षक दचकतील. त्यांच्या शंकेकडे पुढे येऊच. आधी नळी झिजते म्हणजे नेमके काय होते ते पाहू.

गोळी आत घासते म्हणून नळी झिजते, असे कोणीही सांगेल. घासण्याने झीज होते हे खरे. पण मोठ्या काडतुसाच्या रायफलीत नळीचा मोठा शत्रू गोळी नव्हे, तर तिला ढकलणारा वायू आहे. दारू पेटली की वायूचे तापमान अडीच ते तीन हजार अंश सेल्सियसच्या घरात जाते आणि दाब हवेच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींच्या आसपास पोचतो. पोलाद तर सुमारे १५०० अंशांना वितळते! मग नळी वितळून का जात नाही? कारण गोळी नळीत असते ती जेमतेम सेकंदाचा हजारावा भाग, किंवा त्याहून थोडा अधिक वेळ. तेवढ्यात उष्णता पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरात शिरते. तो थर लाल होण्याइतका तापतो आणि मागच्या थंड पोलादामुळे लगेच निवतो. लोहार तापलेल्या विळ्याला पाणी देतो तेव्हा जे घडते, तेच येथे पाण्यावाचून घडते. थर कडक होतो, पण ठिसूळही होतो. प्रत्येक बाराला तो प्रसरण पावतो, आकुंचन पावतो आणि अखेर तडकतो. आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा भेगांचे जाळे तयार होते, आणि पुढच्या बारांचा वायू त्या भेगांच्या कडा ओरबाडून नेतो.

गंमत अशी, की ही झीज नळीभर सारखी नसते. काडतूस बसते त्या जागेच्या लगेच पुढचे काही सेंटिमीटर खराब होतात. तोंडाकडचा भाग पुष्कळदा चांगला असतो. पण गोळीची सुरुवातच वाकडी झाली की नेम फाकतो आणि नळी बाद ठरते. फार जोरदार काडतुसांची नळी एक-दोन हजार बारांतच स्पर्धेच्या कामातून जाते, ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाची पाच हजारांच्या आसपास टिकते. उलट २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातले काडतूस लहान असते, दारू थोडी आणि गोळी मऊ शिशाची. अशी नळी मोठ्या काडतुसाच्या नळीच्या कितीतरी पट टिकते.

झीज एका टोकालाच असल्यामुळे कुशल कारागीर कधी कधी तेवढा भाग कापून टाकतो, मागच्या टोकाला नव्याने आटे पाडतो, काडतुसाची जागा पुन्हा कोरतो आणि तीच नळी आखूड करून परत वापरात आणतो. हा सर्वांत शहाणपणाचा उपयोग आहे. पण तो एक-दोनदाच जमतो, आणि ते त्या कारागिराचेच काम. सुरी करणाऱ्यांचे मात्र मला कौतुक नाही. नळीच्या नेहमीच्या पोलादात कार्बन सुमारे ०.४ टक्के असतो, क्रोमियम एक टक्क्याच्या आसपास आणि थोडे मॉलिब्डेनम. असे पोलाद चिवट असते, धक्का सोसते; पण चांगली धार टिकायला याच्या दीडपट तरी कार्बन हवा. राहिली भट्टी. तिला माझा विरोध नाही. वितळलेले पोलाद वाया जात नाही. पण एक-दीड किलो भंगाराचे मोल ते किती! शंभर नळ्यांपैकी नव्व्याण्णव भट्टीत जाव्यात, एक शाळेत यावी, एवढेच माझे मागणे.

टाकाऊ तोफेने भौतिकशास्त्राला एकदा मोठा धडा दिलेला आहे. म्युनिकच्या शस्त्रागारात काउंट रम्फर्ड तोफा कोरून घेत असे. पितळी तोफ ओतताना तिच्या तोंडाशी धातूचा जादा गठ्ठा राहतो. तो पुढे कापून टाकायचाच असतो. रम्फर्डने तोच गठ्ठा पाण्यात बुडवला, त्यात बोथट गिरमिट दाबून घोड्यांकरवी तो फिरवला. अडीच तासांत पाणी उकळले! विस्तवाचे नाव नाही. उष्णता हा वस्तूत साठवलेला द्रव नसून ती गतीतून येते, हे १७९८ साली त्याने मांडले.

आपल्या चिरलेल्या नळीतून काय दिसेल? साध्या भिंगाखाली भेगांचे जाळे. त्याच पट्टीवर पुढे सरकत गेले की भेगा कोठे विरळ होतात ते मोजता येईल. आतल्या नागमोडी खाचांपैकी एक धरा. ती एका काठाला उगवते आणि पलीकडच्या काठाला नाहीशी होते. तेवढ्या लांबीत अर्धा वळसा झाला. ७.६२ मिलिमीटरच्या पुष्कळ नळ्यांत ही लांबी सुमारे १५.२ सेंटिमीटर भरते, म्हणजे पूर्ण वळसा ३०.५ सेंटिमीटरचा. गोळीचा वेग सेकंदाला ८२० मीटर धरला तर तिच्या गिरक्या किती? भागाकार करून पाहा. सेकंदाला जवळजवळ २७०० येतील. घरातला मिक्सर सेकंदाला तीनशेच्या आसपास फिरतो.

आता शिक्षकांची शंका. ‘शाळेत हत्यार कशाला?’ शंका रास्त आहे. पण उभ्या चिरलेल्या नळीतून काहीही उडू शकत नाही. हातात सुरक्षितपणे धरून अभ्यास करावा असा हा नळीचा एकच प्रकार आहे. हत्यारांविषयीचे आंधळे आकर्षण लपवाछपवीने वाढते, असे मला वाटते. भेगाळलेला गळा भिंगाखाली पाहणाऱ्या मुलाला त्याचे फारसे राहत नाही.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीचा भाग हाही शस्त्रात मोडतो. नळी बदलली म्हणून जुनी नळी कायद्यातून सुटत नाही. म्हणून नळी परवानाधारक कारागिराच्याच कारखान्यात चिरली जावी, आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची लेखी संमती घेतल्यावरच ती शाळेकडे यावी. अखंड नळी कोणी देऊ केली तर घेऊ नये, विद्यार्थ्यांनी तर मुळीच नाही. चिरलेल्या कडा कानशीने मोडाव्यात, आतले शिसे व दारूची काजळी कारागिराकडूनच धुऊन घ्यावी, आणि हाताळल्यावर हात धुवावेत. शेजारी एक कार्ड लावावे. त्यावर पोलादाचा प्रकार, काडतुसाचे माप आणि ठाऊक असेल तर बारांची संख्या लिहावी. वळशाच्या लांबीची जागा कोरी ठेवावी. ती विद्यार्थ्यांनी मोजून भरायची आहे.