कापसाचा ओलावा मोजता, गावाचे पाणी कोण मोजणार?



कापसाची गाडी सरकारी खरेदी केंद्रावर लागली की ग्रेडर आधी ओलावा पाहतो. आठ टक्क्यांच्या वर गेला की कटती, बाराच्या वर गेला की गाडी परत. ज्वारी पावसात सापडून काळी पडली की व्यापारी ओंजळभर दाणे हातात घेतो, तोंड वाकडे करतो आणि भाव पाडतो. दुधाचे फॅट मोजतात, तुरीतला कचरा मोजतात. आपण जे विकतो ते मोजायला बाजारात यंत्रेही आहेत आणि माणसेही आहेत. पण आपली लेकरे रोज जे पाणी पितात त्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीत जाऊन मागा. किती गावांत तो लगेच हातात पडेल? विकायच्या मालाला प्रयोगशाळा आणि प्यायच्या पाण्याला देवाचा हवाला, हा हिशोब आम्हाला मान्य नाही.

गावात विचारले तर उत्तर ठरलेले असते. "आमच्या विहिरीचे पाणी गोड आहे, काचेसारखे नितळ आहे, बापजाद्यांपासून पितो." पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाण्याचा खारटपणा निदान जिभेला तरी कळतो. पण पाण्यातले तीन मोठे शत्रू डोळ्यांना दिसत नाहीत आणि जिभेलाही कळत नाहीत.

पहिला शत्रू जंतू. विहिरीचा कठडा फुटला, हातपंपाचा ओटा तडकला, नळाची पाइप गटारातून गेली की विष्ठेतले जंतू पाण्यात उतरतात. हगवण, कावीळ, विषमज्वर त्यातूनच येतात. देशाचे पिण्याच्या पाण्याचे मानक सांगते की १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतला जंतू एकही सापडता कामा नये.

दुसरा शत्रू नायट्रेट. शेतीशास्त्र शिकलेला माणूस म्हणून हे स्पष्ट सांगणे आमचे काम आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते. पऱ्हाटीला दिलेले सगळे नत्र पऱ्हाटी घेत नाही. जोराचा पाऊस झाला की उरलेले नायट्रेट होऊन जमिनीत झिरपते आणि विहिरीपर्यंत पोचते. विहिरीजवळचा उकिरडा, गोठा आणि संडासाचा खड्डा त्यात भर घालतात. मर्यादा एका लिटरला ४५ मिलिग्रॅमची आहे. त्याहून जास्त नायट्रेटचे पाणी वरच्या दुधात मिसळून तान्ह्या लेकराला पाजले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि अंग निळे पडू लागते.

तिसरा शत्रू फ्लोराईड. तो खडकातून येतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांना त्याची ओळख आहे. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात. वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले तर सांधे आखडतात, पाठ वाकते. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगले. दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावे, असे मानक आहे. एकदा वाकलेले हाड कोणताही डॉक्टर सरळ करून देत नाही.

आता खरी मेख पाहा. या तिन्ही शत्रूंवर औषध एक नाही. जंतू टी.सी.एल. पावडरने मरतात, पाणी खळखळ उकळल्यानेही मरतात. नायट्रेट आणि फ्लोराईड मात्र उकळून जात नाहीत. उलट पाणी आटते आणि त्यांचे प्रमाण वाढते. टी.सी.एल.चाही त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. तिथे दुसरा स्रोत शोधावा लागतो, नाहीतर पाण्यावर वेगळी प्रक्रिया करावी लागते. फ्लोराईड तुरटी आणि चुना वापरून काढण्याची रीत नागपूरच्या 'नीरी' या संस्थेनेच विकसित केली, 'नालगोंडा पद्धत' म्हणून ती ओळखली जाते. पण शत्रू कोण हेच ठाऊक नसेल तर औषध कोणते देणार? "पाणी उकळून प्या" असा फलक लावून मोकळे होणाऱ्यांना आमचा हाच प्रश्न आहे. माती न तपासता खताची मात्रा ठरवणे आणि पाणी न तपासता उपाय सांगणे, दोन्ही सारखेच.

"बोअरचे पाणी म्हणजे शुद्ध पाणी" हाही समज सोडावा लागेल. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, हातपंप आले, त्याचा मोठा फायदा झाला हे खरे. नारूचा देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. पण जिथे खडकातच फ्लोराईड आहे, तिथे खोल बोअरने वरचा जंतू टाळला आणि खालचे फ्लोराईड घरात आणले. म्हणून गावातला प्रत्येक स्रोत वेगळा तपासावा लागतो. एका हातपंपाचा अहवाल दुसऱ्याला लागू होत नाही. पाटलाच्या वाड्याजवळची विहीर तपासली आणि दलित वस्तीतला, पारधी बेड्यावरचा हातपंप सोडला, तर गाव तपासले असे आम्ही मानणार नाही. ज्या महाराष्ट्रात जोतिराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तिथे तपासणीच्या बाटलीतही भेद नको.

सोय नाही असे कोणी सांगेल तर ऐकू नका. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. आरोग्य खाते पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देते. गावात जलसुरक्षक नेमलेला असतो. २०१९ साली जल जीवन मिशन जाहीर झाले, त्यात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायचे ठरले. स्वच्छ पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितले. व्यवस्था कागदावर आहे. ती गावात उतरवून घेणे आपल्या हाती आहे.

म्हणून जिल्हा मेळाव्याहून परत गेल्यावर प्रत्येक शाखेने पुढील कामे करावीत.

एक, गावातल्या सगळ्या विहिरी, बोअर, हातपंप आणि टाक्यांची यादी करा. प्रत्येकाला नंबर द्या.

दोन, नमुना चार माणसांसमोर घ्या, त्यात दोन तरी बाया असू द्या. पाणी भरणारीलाच पाण्याची खरी माहिती असते. हातपंप आधी काही मिनिटे चालवा. रासायनिक तपासणीचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळा. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणा आणि ती विसळू नका, तिच्यात आधीच औषध घातलेले असते. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. स्रोताचा नंबर, तारीख, वेळ लिहा.

तीन, रासायनिक तपासणी वर्षातून एकदा तरी आणि जंतूंची पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर अशी दोनदा झालीच पाहिजे. शेताला लागून असलेल्या विहिरींसाठी कीटकनाशकांची तपासणी वेगळी मागा, गावातल्या संचात ती होत नाही. आणि फवारणीचा पंप विहिरीवर धुणे आजपासून बंद करा.

चार, नळाचे पाणी असेल तर शेवटच्या नळावर ओ.टी. टेस्ट करा. क्लोरीन असेल तर पाणी पिवळसर होते. टाकीजवळ रंग आला आणि शेवटच्या घराला आला नाही, तर त्या घरापर्यंत संरक्षण पोचलेले नाही.

पाच, अहवालाची प्रत मागा. देत नसतील तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. ज्या हातपंपाचे पाणी पिण्यालायक नाही त्याला लाल रंग द्या, आणि पर्यायी पाणी कधी मिळणार ही तारीख सरपंच व ग्रामसेवकाकडून लिहून घ्या.

यातले पाचवे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. कपाटातल्या अहवालाने एकाही लेकराचा दात वाचत नाही. कापसाच्या काट्यावर उभे राहून आपण वजन डोळ्यांनी पाहून घेतो, कारण दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही हे आपण ठेचा खाऊन शिकलो आहोत. पाण्याच्या बाबतीतही तेच. नमुना आपल्या डोळ्यांसमोर, आकडा आपल्या भिंतीवर.

पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक शाखेने आपल्या गावाचे आकडे लिहून आणावेत. ते आम्ही याच पानावर गाववार छापू. मग जिल्हा परिषदेच्या दारात जाऊ तेव्हा आपल्या हातात निवेदनाच्या जोडीला पुरावा असेल.